वाहतूक पोलिसांनी थांबवल्यावर कसे वागावे : सोलापूरच्या वाहनचालकांसाठी

रस्त्यावर वाहतूक पोलिसाने हात दाखवला की पुढची दहा मिनिटे कशी जाणार, हे बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या मिनिटातच ठरून जाते. सात रस्ता, आसरा चौक किंवा एसटी स्टँडजवळचा छत्रपती शिवाजी महाराज चौक अशा गर्दीच्या ठिकाणी थोडा वेळ थांबून पाहिले, तर दंडाच्या रकमेवरून झालेली भांडणे थोडी आणि बोलण्याच्या सुरावरून पेटलेली जास्त, असे लक्षात येते. म्हणून हे लेखन नियमांची यादी देण्यासाठी नाही. थांबवल्यापासून पुन्हा गाडी सुरू करेपर्यंत कसे वागावे, काय बोलावे आणि काय बोलू नये, एवढ्यापुरतेच ते आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. आदराने बोलणे म्हणजे लाचारी नाही, आणि पोलिसांचे प्रत्येक म्हणणे मान्य करणेही नाही. आपली बाजू मांडता येते, दंड चुकीचा वाटला तर तो अमान्य करता येतो, वागणूक वाईट मिळाली तर तक्रारही करता येते. मात्र या वादांचा निकाल चौकात लागत नसतो. तो वाहतूक शाखेच्या कार्यालयात, ऑनलाइन तक्रारीत किंवा न्यायालयात लागतो. चौकात आपल्याला एवढेच करायचे असते, की कागद दाखवायचे, शांतपणे ऐकायचे, आपले म्हणणे एकदा नीट सांगायचे आणि जे घडले त्याची नोंद हाती घेऊन निघायचे.

घरून निघण्यापूर्वी

खिशात कागद नीट असले की नम्रपणे वागणे आपोआप सोपे होते, कारण घाबरलेला माणूसच बहुधा आधी आवाज चढवतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३० नुसार गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने मागणी केल्यास चालकाला लायसन्स दाखवावेच लागते. त्यासोबत आरसी म्हणजे वाहनाचे नोंदणी प्रमाणपत्र, विमा आणि पीयूसी म्हणजे प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र, आणि रिक्षा, टेम्पो किंवा ट्रक असेल तर परमिट व फिटनेस, एवढी कागदपत्रे लागतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १३९ प्रमाणे ही कागदपत्रे इलेक्ट्रॉनिक स्वरूपातही चालतात. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या अॅपमधील लायसन्स आणि आरसी मूळ कागदाइतकेच ग्राह्य आहेत. येथे अनेकांची गफलत होते ती अशी, की लायसन्सचा मोबाइलवर काढलेला फोटो म्हणजे डिजिलॉकरमधील लायसन्स नव्हे. गॅलरीतला फोटो पोलिसांनी नाकारला तर त्यात त्यांचा उद्धटपणा नसतो. अॅप घरीच उघडून, त्यात कागद आणून ठेवावेत आणि विमा व पीयूसी यांच्या मुदती एकदा पाहून घ्याव्यात. चौकात उभे राहून पासवर्ड आठवत बसणे हे चालक आणि पोलीस या दोघांच्याही संयमाची परीक्षा घेणारे असते.

थांबताना

पोलिसाने हात केला की डावा इंडिकेटर द्यावा, वेग हळूहळू कमी करावा आणि रस्त्याच्या कडेला, मागच्या वाहनांना अडथळा होणार नाही अशा जागी थांबावे. रस्त्याच्या मध्येच करकचून ब्रेक लावू नये. पुणे-हैदराबाद महामार्गावर किंवा विजापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर तर हे अधिकच महत्त्वाचे आहे, कारण मागून येणाऱ्या ट्रकला थांबायला पुरेसे अंतर मिळाले नाही तर जीव जातो. गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, तेव्हा पोलीस थोडे पुढे जाऊन थांबा म्हणाले तर तसेच करावे.

पोलीस दिसताच गाडी वळवून उलट दिशेने पळणे किंवा शेजारच्या बोळात घुसणे, ही आपल्या शहरात फार पसरलेली सवय आहे आणि ती मला सर्वांत घातक वाटते. हेल्मेटचा दंड वाचवण्यासाठी माणूस समोरून येणाऱ्या बसच्या वाटेत जातो, आणि अडवायला पुढे आलेल्या पोलीस शिपायाचाही जीव धोक्यात घालतो. पोलिसांचा आदर राखण्याची सुरुवात इथूनच होते, की त्यांनी थांबायला सांगितले तर थांबावे.

दुचाकी असेल तर इंजिन बंद करावे, गाडी स्टँडवर लावावी आणि चावी स्वतःच काढून हातात घ्यावी. चावी कोणी काढायची, यावरून होणारे वाद एवढ्या एका कृतीने टळतात. त्यानंतर हेल्मेट काढावे. सोलापूरच्या उन्हाळ्यात डोक्याला आणि तोंडाला रुमाल किंवा स्टोल गुंडाळूनच बाहेर पडावे लागते, परंतु बोलताना तो चेहऱ्यावरून बाजूला करावा. समोरच्याला आपला चेहरा दिसला की निम्मा संशय तिथेच संपतो. कानातले इअरफोन काढावेत. मोटार असेल तर काच पूर्ण खाली करावी, गाणी बंद करावीत, रात्रीची वेळ असेल तर आतला दिवा लावावा आणि खाली उतरायला सांगेपर्यंत जागेवरच बसून राहावे. गाडीतल्या चौघांनी एकदम दारे उघडून बाहेर येणे हे एकट्या पोलिसाला घेरल्यासारखे वाटते, मग आपल्या मनात तसे काही असो वा नसो. खिशात किंवा डिकीत हात घालण्यापूर्वी “लायसन्स खिशात आहे, काढतो,” एवढे सांगितले तर बरे.

पहिले वाक्य

“नमस्कार साहेब, बोला,” किंवा महिला पोलीस असतील तर “नमस्कार मॅडम,” एवढे पहिले वाक्य पुरे. समोरचा पोलीस वयाने आपल्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असला, हुद्द्याने शिपाई असला, तरी अहो-जाहोच करावे. मित्रांशी बोलताना सोलापूरकराच्या तोंडी सहज येणारे “का बे” किंवा “काय बे” चौकात चुकूनही येऊ देऊ नये, आणि “मामा” अशी हाकही मारू नये. ती आपल्याला गमतीची वाटते, पण दिवसभर ती ऐकणाऱ्याला तशी वाटत नाही.

“का थांबवलं?” हा प्रश्न आणि “साहेब, काय चूक झाली?” हा प्रश्न, दोन्ही एकच माहिती विचारतात, परंतु पहिल्याला उत्तर म्हणून प्रश्नच येतो आणि दुसऱ्याला कारण कळते. कारण कळल्यावर ते पूर्ण ऐकून घ्यावे. सिग्नल तोडला असे पोलीस सांगत असतील आणि आपल्याला तो पिवळा दिसला असेल, तर “साहेब, मी निघालो तेव्हा पिवळा होता असं मला वाटलं,” असे एकदा सांगावे. एकदाच. तेच वाक्य चौथ्यांदा वाढत्या आवाजात सांगितल्याने ते अधिक खरे होत नाही.

आपल्या शहरात घरी तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारे असंख्य लोक आहेत आणि मराठीत बोलताना त्यांच्यापैकी काहींना शब्द सापडत नाहीत. अशा वेळी गप्प राहिल्याने गैरसमज वाढतो. “साहेब, मराठी थोडं कमी येतं, हळू सांगा,” असे म्हणण्यात कोणताही कमीपणा नाही. अनेक पोलीस कर्मचारी स्वतःही या भाषा समजणारे असतात, पण त्यांनी आपल्याशी त्याच भाषेत बोलावे असा हट्ट मात्र धरू नये.

काही वाक्ये अशी आहेत, की ती तोंडातून निघाली की संवाद संपतो. “सगळेच जातात, मलाच का धरलं?” हे त्यांपैकी सर्वांत जास्त ऐकू येणारे वाक्य आहे. त्यात आपली चूक मान्यच झालेली असते आणि वर पोलिसांवर पक्षपाताचा आरोपही होतो. “मी कोण आहे माहीत आहे का?” हे दुसरे. तिसरे वाक्य बोलून नव्हे, करून दाखवले जाते. नगरसेवकाला, ओळखीच्या पुढाऱ्याला किंवा खात्यातल्या कोणा नातेवाइकाला फोन लावायचा आणि “घ्या, साहेबांशी बोला,” म्हणून मोबाइल पोलिसाच्या हातात द्यायचा. याला लोक ओळख म्हणतात. खरे तर तो समोर उभ्या असलेल्या माणसाचा त्याच्याच कामाच्या जागी, चार लोकांदेखत केलेला पाणउतारा असतो. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा बेचाळीस अंशांच्या पुढे जातो, तेव्हा डांबरी रस्त्यावर पायांत बूट घालून, धूर आणि हॉर्न सोसत तो उभा असतो. त्याने नियमाप्रमाणे केलेले काम एका फोनने रद्द करायला लावण्याइतका मोठा अपमान शिवीनेही होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

याउलट, विनाकारण हात जोडणे, पाया पडणे, घरच्या अडचणींची लांबलचक कहाणी सांगणे हेही टाळावे. खरी अडचण असेल तर ती एका वाक्यात सांगावी. मागच्या सीटवर रुग्ण असेल आणि आपण सिव्हिल हॉस्पिटलकडे निघालो असू, तर नमस्काराच्याही आधी ते सांगावे: “साहेब, मागे पेशंट आहे, सिव्हिलला चाललोय.” अशा वेळी पोलीस स्वतः रस्ता मोकळा करून देतात. मात्र हेच खोटे सांगणाऱ्यांमुळे खऱ्या रुग्णाच्या नातेवाइकाला पुढच्या चौकात संशयाने पाहिले जाते, म्हणून ही सबब कधीही वापरू नये.

दंड होतो तेव्हा

पूर्वीसारखी पावती फाडणे आता जवळजवळ बंद झाले आहे. पोलिसांच्या हातातील यंत्रात वाहनाचा क्रमांक, नियमभंगाचा प्रकार आणि ठिकाण भरले जाते, आणि ई-चलनाचा संदेश मोबाइलवर येतो. हे होत असताना घाई करू नये. चलन आल्यावर वाहन क्रमांक, वेळ, जागा आणि नियमभंगाचे कारण बरोबर आहे का, हे तिथेच वाचावे. काही चुकले असेल तर “साहेब, नंबरमध्ये एक आकडा चुकलाय का, बघता का जरा?” असे विचारावे. यंत्रात जुनी थकलेली चलने दिसली आणि पोलिसांनी ती भरायला सांगितले, तर त्यांचा तपशील मागणे हा उद्धटपणा नाही. “कुठली आहेत, कधीची आहेत, तेवढं दाखवा,” असे सरळ विचारावे.

चलन मान्य असेल तर तिथेच किंवा नंतर महाट्रॅफिकच्या अॅपवरून अथवा संकेतस्थळावरून भरावे. मान्य नसेल तर तेही शांतपणे सांगता येते: “साहेब, मला हे मान्य नाही, मी ऑनलाइन तक्रार करतो.” एवढे बोलून निघावे. दुसऱ्याच गाडीचा फोटो आपल्या नावावर आला असेल, तर त्यासाठी रस्त्यावर कोणाशी भांडण्यात अर्थ नाही. फोटो, आरसी आणि आपल्या गाडीचे छायाचित्र जोडून तक्रार नोंदवावी आणि तिचा क्रमांक जपून ठेवावा.

काही प्रसंगी लायसन्स किंवा गाडीच ताब्यात घेतली जाते. हेल्मेटविना चालवणे, धोकादायक चालवणे, मद्यपान करून चालवणे अशा गुन्ह्यांत मोटार वाहन कायद्याच्या कलम २०६ प्रमाणे लायसन्स जप्त करून ते परवाना अधिकाऱ्याकडे पाठवता येते, आणि त्याबद्दलची पोच देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. ती पोच मागावी. मागताना आवाज चढवण्याचे कारण नाही, कारण ती आपल्या हक्काची आहे. विनालायसन्स किंवा अल्पवयीन चालक असेल, नोंदणी नसेल, तर कलम २०७ खाली वाहन अडकवून ठेवता येते. अशा वेळी समोरच्या शिपायाला कितीही विनवले तरी ते त्याच्या हातात नसते. वाहन कुठे नेले जात आहे, सोडवण्यासाठी कोणती कागदपत्रे घेऊन कोणाकडे यायचे, हे विचारून लिहून घ्यावे, आणि गाडीतील सामान त्यांच्या समक्ष काढून घ्यावे.

मद्यपानाच्या तपासणीबाबत थोडक्यात सांगायचे तर, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले तर कलम १८५ लागू होते आणि पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. यंत्रात फुंकर मारायला नकार दिल्याने सुटका होत नाही. कायदा त्या नकाराचाही पुरावा म्हणून विचार करतो. “साहेब, तोंडाला लावायची नळी नवी आहे ना?” एवढे मात्र अवश्य विचारावे.

पैशांबद्दल

“काही तरी बघा ना साहेब,” हे वाक्य अनेक जण अगदी सवयीने, जणू ते नम्रपणाचेच एक रूप आहे अशा सुरात बोलतात. त्या वाक्याचा अर्थ समोरच्याला नीट कळतो आणि प्रामाणिक पोलिसाला तो अपमान वाटतो. शिवाय भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनंतर लाच देणे हाही स्वतंत्र गुन्हा आहे. कोणी बळजबरीने द्यायला लावली असेल, तर सात दिवसांच्या आत तक्रार करणाऱ्यालाच संरक्षण मिळते. म्हणून चिरीमिरीचा विषय आपण काढू नये. समोरून निघाला तर “साहेब, नियमाने चलन करा, मी भरतो,” हे उत्तर द्यावे. या वाक्यात राग नाही, आरोप नाही, आणि तरीही ते पुरेसे आहे. मागणी चालूच राहिली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. तो तिथे उभे राहून धमकी म्हणून उच्चारू नये, बाजूला गेल्यावर वापरावा.

पोलिसांचेच वागणे चुकले तर

असे घडते, आणि ते नाकारणे योग्य होणार नाही. एखादा पोलीस एकेरीवर येतो, विनाकारण ताटकळत ठेवतो, किंवा स्वतः हेल्मेटविना येऊन दुसऱ्याला हेल्मेटचा दंड करतो. त्या क्षणी आपणही एकेरीवर आलो, की पुढे तक्रार करायला आपल्याकडे काही उरत नाही, कारण मग दोन्ही बाजूंनी तेच झालेले असते. गणवेशावरील नावाची पट्टी वाचावी. ती दिसत नसेल तर “साहेब, आपलं नाव कळेल का?” असे विचारावे. वेळ, चौक आणि पोलीस वाहन असल्यास त्याचा क्रमांक लक्षात ठेवावा. शहराच्या हद्दीतील तक्रार पोलीस आयुक्तांकडे किंवा वाहतूक शाखेच्या वरिष्ठांकडे करायची असते, आणि ग्रामीण भागातील घटना असेल तर ती जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे जाते. अडवणारे आरटीओच्या वायुवेग पथकातील मोटार वाहन निरीक्षक असतील, तर तक्रार प्रादेशिक परिवहन कार्यालयात करावी लागते. नियम राबवणाऱ्यानेच नियम मोडला तर त्याला दुप्पट दंडाची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम २१०ब मध्ये आहे, पण ती वापरण्याची जागा लेखी तक्रार आहे, चौकातला वाद नाही.

मोबाइलवर चित्रीकरण करायचे झाल्यास ते लपवून करू नये आणि पोलिसाच्या तोंडासमोर कॅमेराही धरू नये. छातीच्या उंचीवर मोबाइल धरून, “साहेब, माझ्या माहितीसाठी रेकॉर्ड करतोय,” असे सांगावे आणि त्यांच्या कामात अडथळा येऊ देऊ नये. ते चित्रीकरण तक्रारीसोबत द्यावे. समाजमाध्यमांवर टाकून त्या माणसाची आणि त्याच्या मुलाबाळांची बेअब्रू करणे हा न्याय मिळवण्याचा मार्ग नाही.

एका बाबतीत मात्र कोणतीही सवलत धरू नये. पोलिसाच्या अंगाला हात लावणे, कॉलर धरणे, त्याच्या हातातील यंत्र ओढणे, गाडी त्याच्या अंगावर घालणे या गोष्टी क्षणात घडतात आणि त्यांचे परिणाम वर्षानुवर्षे भोगावे लागतात. कर्तव्यावरील लोकसेवकावर बळाचा वापर करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ खाली दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे आणि तो अजामीनपात्र आहे. नोकरी शोधणाऱ्या तरुणाच्या चारित्र्य पडताळणीत पाचशे रुपयांचे चलन आडवे येत नाही, असा गुन्हा मात्र येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७९ प्रमाणे अधिकाऱ्याचे कायदेशीर आदेश न पाळणे किंवा माहिती नाकारणे यालाही २,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

सोबत इतर कोणी असतील तर

मागे बसलेला मित्र किंवा गाडीतले काका चालकापेक्षा जास्त बोलतात, हा नेहमीचा अनुभव आहे. बोलणे एकानेच करावे आणि ते चालकाने करावे. मित्रांना फोन करून चौकात गोळा करणे तर अजिबात टाळावे. दहा तरुण जमले की साध्या चलनाचा प्रसंग बेकायदा जमावाकडे झुकू लागतो. महिला चालकांना एकट्या असताना अंधाऱ्या जागी थांबवले गेले, तर दिवे असलेल्या, वर्दळीच्या जागी पुढे थांबते असे हाताने व शब्दांनी सांगून हळू पुढे जावे आणि गरज वाटल्यास ११२ वर फोन करावा. अंगझडती घ्यायची वेळ आलीच तर ती महिला पोलिसांनीच घ्यावी लागते, आणि तसे सांगणे म्हणजे उद्धटपणा नव्हे.

शाळकरी मुलांच्या हाती गाडी देणाऱ्या पालकांना आणखी एक सांगणे आहे. मुलाला पोलिसांनी थांबवल्याचा फोन आला की अनेक वडील चौकात येऊन आधी पोलिसांवरच ओरडतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ प्रमाणे अशा गुन्ह्यात पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. त्याला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. तिथे पोचल्यावर वडिलांनी पोलिसांना नमस्कार करून चूक आपली असल्याचे मुलासमोर मान्य करावे. पोलिसांशी कसे बोलायचे हे मूल त्या दिवशी वडिलांकडून शिकणार असते.

गड्ड्याच्या दिवसांत

जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या, म्हणजेच गड्ड्याच्या काळात, विशेषतः नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवशी, नेहमीचे रस्ते बंद असतात आणि बंदोबस्तासाठी बाहेरगावाहून आलेले पोलीस चौकाचौकांत उभे असतात. त्यांना आपल्या गल्ल्या ठाऊक नसतात. “पलीकडेच घर आहे, जाऊ द्या,” असे सांगणारे त्यांना दिवसभरात शेकडो भेटतात, आणि एकाला सोडले की मागची रांग सोडावी लागते. बॅरिकेडपाशी वाद घालण्याऐवजी पर्यायी रस्ता विचारावा. तो त्यांना सांगता आला नाही, तर गाडी अलीकडे नीट लावून चालत जावे. घरात आजारी माणूस असेल, दहावी-बारावीच्या विद्यार्थ्याला पोचवायचे असेल, तर तेथील अंमलदाराला विचारून त्यांच्या वरिष्ठांशी बोलण्याची विनंती करावी. वाहतूक बदलाची अधिसूचना पोलीस आयुक्तालयाकडून आधीच निघते आणि स्थानिक वृत्तपत्रांत छापून येते, ती आदल्या दिवशी वाचून ठेवावी.